चीवर: कापून, रंगवून, डाग देऊन घडवलेलं वस्त्र

भिक्खूंच्या अंगावरचं चीवर लांबून पाहिलं की आधी डोळ्यांत भरतो तो रंग. त्यामुळे बहुतेकांना वाटतं की त्याचा जो काही अर्थ असेल तो रंगातच असणार. भगवा म्हणजे त्याग, पिवळा म्हणजे ज्ञान, असं काहीतरी. विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातला, चीवराचा भाग वाचायला घेतला तर रंगाविषयी असं गूढ काही हाती लागत नाही. शिलाई वाकडी का जाते, रंगाचं भांडं उतू गेलं तर काय करायचं, दोरीवर वाळत घातलेल्या कापडाचे कोपरे का झिजतात, याची मात्र तिथे सविस्तर चर्चा आहे. त्यातल्या महावग्ग या विभागाचं आठवं प्रकरण (खंधक), म्हणजे चीवरक्खन्धक, अशा बारकाव्यांनी भरलेलं आहे. हे बारकावे टाळून चीवराचा अर्थ कळत नाही, कारण तो त्यांतूनच उभा राहतो. ज्या कापडाला बाजारात भाव आहे ते मुद्दाम बिनभावाचं करायचं आणि मगच अंगावर घ्यायचं, हा तो अर्थ. कापणं, रंगवणं आणि डाग देणं ही तिन्ही कामं त्यासाठीच आहेत.

वस्त्रं तीन, थर चार

भिक्खूची वस्त्रं तीन असतात, म्हणून त्यांना तिचीवर म्हणतात. कमरेला गुंडाळायचं ते अंतरवासक, अंगावर पांघरायचं ते उत्तरासंग आणि थंडीसाठीची दुहेरी चादर ती संघाटी. एखाद्या विधीत भिक्खूच्या डाव्या खांद्यावर घडी घातलेलं जाड वस्त्र दिसतं ते बहुधा संघाटीच असते.

तीनच का, याचं उत्तर महावग्गात आहे. वेसालीच्या वाटेवर बुद्धांना काही भिक्खू दिसले. त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची गाठोडी होती. हे वाढतच जाणार, याला कुठेतरी मर्यादा घालायला हवी, असं त्यांना वाटलं. मग ऐन हिवाळ्यात, हिम पडण्याच्या दिवसांत, वेसालीच्या गोतमक चैत्यापाशी ते रात्री उघड्यावर एकच वस्त्र पांघरून बसले. पहिला प्रहर निभावला. तो सरताना थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरं वस्त्र घेतलं. मधला प्रहर सरताना तिसरं आणि पहाटे चौथं. चार थरांत रात्र निघाली. त्यावरून नियम ठरला: संघाटी दुहेरी, उत्तरासंग एकेरी, अंतरवासक एकेरी. म्हणजे वस्त्रं तीन, पण थर चारच. थंडी सहन न होणाऱ्या माणसालाही एवढ्यात भागवता येईल, हा त्यामागचा विचार तिथे स्पष्ट शब्दांत दिला आहे.

हा हिशेब नव्या कापडाचा आहे. कापड जुनं, विरलेलं असेल तर संघाटी चौपदरी आणि बाकीची दोन वस्त्रं दुपदरी करायला परवानगी आहे. मर्यादा वस्तूंच्या संख्येवर आहे, उबेवर नाही. हा फरक लक्षात न घेता चीवराकडे पाहिलं की ते देहदंडाचं साधन वाटू लागतं. रोज म्हणायच्या चिंतनातही तसं काही नाही: ‘पटिसङ्खा योनिसो चीवरं पटिसेवामि, यावदेव सीतस्स पटिघाताय, उण्हस्स पटिघाताय...’ थंडी, ऊन, वारा, डास, गोमाश्या आणि सरपटणारे जीव यांच्यापासून बचाव व्हावा आणि लाज झाकावी, एवढ्यापुरतंच मी हे वस्त्र वापरतो.

उकिरड्यावरचं कापड

सुरुवातीला भिक्खू पांसुकूल वापरत. उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, जोडायच्या. यात बदल झाला तो राजवैद्य जीवकामुळे. उज्जैनच्या पज्जोत राजाला त्याने बरं केलं आणि राजाने त्याला अतिशय तलम, मोलाचं वस्त्रयुगुल पाठवलं. जीवकाने ते बुद्धांना अर्पण केलं आणि भिक्खूंना गृहस्थांकडून कापड घेता यावं अशी विनंती केली. बुद्धांनी ती मानली, पण पांसुकूल बंद केलं नाही. ज्याला चिंध्यांचं चीवर घालायचं त्याने ते घालावं, ज्याला गृहस्थांनी दिलेलं घ्यायचं त्याने ते घ्यावं. कापडाचे सहा प्रकार चालतात: जवसाच्या धाग्याचं, सुती, रेशमी, लोकरी, तागाचं आणि भांगेच्या धाग्याचं. रेशीमसुद्धा चालतं, हे वाचून अनेकांना नवल वाटतं. पण इथेच पेच निर्माण होतो. श्रीमंताघरचं अखंड, तलम कापड भिक्खूच्या अंगावर आलं तर त्याच्यात आणि शेटजीत फरक काय राहिला? पुढची सगळी कारागिरी या पेचावरचा उपाय आहे.

भातखाचरांचा आराखडा

राजगृहाहून दक्खिणागिरीकडे जाताना बुद्धांना मगधातली भातखाचरं दिसली. लांब पट्टे, त्यांना आडवे छेदणारे बांध, बांध एकमेकांना मिळतात तिथे चौक. त्यांनी आपला शिष्य आनंद याला विचारलं, भिक्खूंसाठी अशी चीवरं करता येतील का? आनंदाने करून दाखवली. बुद्धांनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं आणि एकेका भागाचं नाव घेतलं. ते भाग आजही तेच आहेत.

पाच खंडांचं चीवर डोळ्यांसमोर आणा. खंड म्हणजे उभी पट्टी. प्रत्येक पट्टीत दोन तुकडे असतात, एक मोठा आणि एक त्याच्या सुमारे निम्मा. मोठ्याला मंडल म्हणतात, छोट्याला अड्ढमंडल. म्हणजे ही दोन वाफ्यांची पट्टी झाली, एक पुरा वाफा आणि एक अर्धा. दोघांमधला आडवा आखूड बांध तो अड्ढकुसि. दोन पट्ट्यांमधला वरपासून खालपर्यंत जाणारा लांब बांध ती कुसि. एका पट्टीत अर्धा वाफा वर असेल तर शेजारच्या पट्टीत तो खाली येतो, त्यामुळे आडवे बांध एका रेषेत येत नाहीत. मधली पट्टी विवट्ट, तिच्या दोन्ही बाजूंच्या अनुविवट्ट आणि हातांवर येणाऱ्या कडेच्या बाहंत. मानेशी घासतो तिथे जास्तीचा तुकडा, तो गीवेय्यक. पोटरीशी येतो तो जंघेय्यक. सगळ्याभोवती किनारपट्टी. नुसते वाफेच मोजले तरी दहा तुकडे झाले. पट्ट्यांची संख्या नेहमी विषम असते: पाच, सात, नऊ किंवा त्याहून अधिक.

मान आणि पोटरीवरच्या जोडतुकड्यांचं कारण उघड आहे. घाम आणि घर्षण तिथेच जास्त असतं, कापड तिथेच आधी विरतं. तुकडा उसवून बदलता आला तर अख्खं चीवर टाकावं लागत नाही.

मुख्य कारण बुद्धांच्याच कौतुकात येतं. असं कापलेलं चीवर शस्त्राने खडबडीत झालेलं असतं, श्रमणाला शोभणारं असतं आणि वैऱ्याला त्याचा लोभ वाटत नाही. अखंड तलम कापड चोर उचलेल आणि विकेल. दहा तुकडे करून जोडलेलं कापड घेऊन तो काय करणार? कात्री फिरली की भाव उतरला. पुण्याच्या शेताशी याचा संबंध मागाहून जोडला गेला. महाराष्ट्रातल्या विहारांत संघवंदनेत रोज ‘अनुत्तरं पुञ्ञक्खेत्तं लोकस्स’ म्हटलं जातं: संघ हे जगातलं श्रेष्ठ पुण्यक्षेत्र. पुढे चीन-जपानच्या परंपरेत चीवराला थेट पुण्याच्या शेताचं वस्त्र असंच नाव पडलं. अर्थ सुंदर आहे, पण मूळ प्रसंगात तो सांगितलेला नाही, हे भान ठेवलेलं बरं. तिथे आहेत ते शेत, कात्री आणि चोर.

शिवणकामातल्या अडचणी चुल्लवग्गात, म्हणजे विनयपिटकाच्याच आणखी एका विभागात, एकामागून एक येतात. हाताने फाडलेलं कापड वेडंवाकडं फाटतं, म्हणून छोटी सुरी आली. पिसाने आणि बांबूच्या काडीने शिवलेलं नीट बसत नाही, म्हणून सुई आली. सुई गंजते, म्हणून नळी आली. नळीतही गंजते, म्हणून आत पीठ, मग दगडाची भुकटी, मग मेण असे उपाय झाले. टाके तिरपे जातात, म्हणून आधी खुणेचा कच्चा दोरा घालायचा. बोटाला सुई टोचते, म्हणून अंगुस्तान. हे शिकवणारा कारागीर आणि शिकणारे भिक्खू, दोघांचेही हात ओळींमधून दिसतात.

रंगाच्या भांड्यापाशी

आधी भिक्खू शेणाने आणि पिवळ्या मातीने कापड रंगवत. रंग वाईट यायचा. मग सहा प्रकारचे रंग ठरले: मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून काढलेले. रंग थंड पाण्यात कालवला तर कापडाला वास येतो, म्हणून उकळायचा. उकळताना उतू जातो, म्हणून भांड्यात आवर घालायची सोय करायची. शिजला की नाही कसं कळणार? एक थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकायचा. कच्चा असेल तर लगेच पसरतो, पुरता शिजलेला जागच्या जागी राहतो.

वाळवण्यातले घोटाळे तर आज कापड रंगवणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटतील. जमिनीवर वाळत घातलं तर धूळ लागते, म्हणून गवत अंथरलं. गवताला वाळवी लागली, म्हणून बांबू आणि दोरी आली. मधोमध टाकलं तर रंग दोन्हीकडून ओघळतो, म्हणून कोपऱ्याला बांधायचं. कोपरा झिजतो, म्हणून त्याला बंद लावायचा. मग रंग एकाच कडेला उतरतो, म्हणून कापड सारखं फिरवत राहायचं आणि ठिबकणं थांबेपर्यंत तिथून हलायचं नाही. रंग जास्त बसून कापड कडक झालं तर पाण्यात घालायचं, खरखरीत झालं तर हाताने थोपटायचं.

मनाई आहे ती एकरंगी भडक कापडाला. पूर्ण निळं, पूर्ण पिवळं, तांबडं, मंजिष्ठी, काळं, तसंच लांब दशांचं (काठाला सुटे दोरे असलेलं), फुलांच्या काठाचं. अट्ठकथांमध्ये, म्हणजे नंतरच्या पाली टीकाग्रंथांमध्ये, तर कोणत्या वनस्पती टाळायच्या याची यादीच आहे. मुळांत हळद नको, खोडात मंजिष्ठा नको, पानांत नीळ नको, फुलांत पळस आणि करडई नको. ही यादी वाचताना आपल्याकडची लग्नघरं आणि सणवार आठवतात, कारण संसारी माणूस आनंदाच्या दिवशी जे रंग अंगावर घेतो तेच नेमके यातून वगळले आहेत. उरतात ते साली-खोडांचे मातकट, तपकिरी, गेरवट रंग. त्यांनाच काषाय म्हणतात. म्हणून श्रीलंकेत नारिंगीकडे झुकलेलं, म्यानमारमध्ये गडद लालसर-तपकिरी आणि थायलंडच्या अरण्यवासी भिक्खूंचं मातकट चीवर दिसतं. यातला एक खरा आणि बाकीचे चुकीचे असं नाही. थायलंडमध्ये हा रंग फणसाच्या खोडातल्या पिवळ्या गाभ्याचे तुकडे उकळून काढतात. कोकणात फणस कापणाऱ्या सुतारांना तो गाभा चांगला माहीत असतो.

गृहस्थ उपासकांचा रंग वेगळा. पाली ग्रंथांत त्यांना ‘गिही ओदातवसन’, म्हणजे पांढरी वस्त्रं घालणारे गृहस्थ म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या धम्मदीक्षेला लोक पांढरे कपडे घालून आले आणि आजही वंदनेला पांढरं नेसून येतात, त्याचा धागा इथपर्यंत पोचतो. चीवर भिक्खूचं, पांढरं उपासकाचं. उपासकाने काषाय रंगाचं उपरणं घेऊन मिरवणं या रचनेत बसत नाही.

ठिपका आणि माप

कापून, रंगवून झालं तरी चीवर अजून वापरता येत नाही. त्यावर निळा-हिरवा, चिखलाचा किंवा काळपट असा एक ठिपका द्यावा लागतो. नियमाची कथा अशी: साकेताहून सावत्थीकडे निघालेल्या भिक्खूंना आणि परिव्राजकांना (इतर पंथांच्या फिरत्या संन्याशांना) वाटेत चोरांनी लुटलं. राजाच्या माणसांनी माल परत मिळवला आणि भिक्खूंना सांगितलं, तुमची चीवरं ओळखून घ्या. त्यांना ओळखता येईनात. ठिपक्याचं माप अट्ठकथेत फार नेमकं आहे: मोराच्या डोळ्याएवढा किंवा ढेकणाच्या पाठीएवढा. आज बरेच भिक्खू पेनाने किंवा पेन्सिलने कोपऱ्यात तो देतात. ठिपक्याने ओळख पटते आणि नव्या कोऱ्या कापडाचा नवेपणाही मोडतो.

आकारालाही वरची मर्यादा आहे. बुद्धांचं चीवर त्यांच्या वितीने नऊ वीत लांब आणि सहा वीत रुंद होतं. तेवढं किंवा त्याहून मोठं कुणी करायचं नाही, केलं तर कापून लहान करायचं. हा नियम नंद या बुद्धांच्या भावामुळे आला. तो दिसायला देखणा, बुद्धांपेक्षा चारच बोटं ठेंगणा, आणि त्याने त्यांच्याच मापाचं चीवर केलं. तो लांबून येताना दिसला की थेर, म्हणजे ज्येष्ठ, भिक्खू बुद्ध आले असं समजून उठून उभे राहत आणि जवळ आल्यावर खजील होत.

नेसण्यातही अपघात झाले आहेत. कमरपट्टा न बांधता गावात गेलेल्या एका भिक्खूचं अंतरवासक रस्त्यातच सुटलं आणि लोकांनी हुर्यो केली, म्हणून कमरपट्टा आला. वावटळीने आनंदाचं हलकं चीवर उडवलं, म्हणून गुंडी आणि फासा आले. गुंडी सोन्या-चांदीची नको. हाड, शिंग, बांबू, लाकूड, शंख, दोरा चालेल. खांद्याचा नियम साधा आहे: वडीलधाऱ्यांशी बोलताना, वंदन करताना उजवा खांदा उघडा, गावात, लोकांच्या घरी जाताना दोन्ही खांदे झाकलेले.

एका दिवसाचं काम

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहणं, आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो. त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या एका महिन्यात कठिन चीवरदान, म्हणजे संघाला चीवराचं कापड देण्याचा विधी, होतो. पावसात चिखल तुडवत, चिंब चीवरांनी सावत्थीला पोचलेल्या तीस भिक्खूंना पाहून ही सोय झाली. संघाला कापड मिळालं की ते एका भिक्खूला देतात, शक्यतो ज्याचं चीवर सर्वांत जुनं आहे त्याला. त्याच दिवशी धुणं, कापणं, शिवणं, रंगवणं आणि ठिपका देणं पुरं व्हायला हवं आणि चीवर निदान पाच खंडांचं हवं. काम दुसऱ्या दिवसावर गेलं की कठिन होत नाही. म्हणूनच सगळे भिक्खू हातभार लावतात.

कठिन आणखीही काही कारणांनी बिघडतं. भिक्खूंनी सूचकपणे मागून कापड मिळवलेलं असेल, कापड उसनं आणलेलं असेल किंवा ते साठवून ठेवलेलं असेल तर चालत नाही. अट्ठकथेप्रमाणे निदान पाच भिक्खू लागतात: चार जणांचा संघ देणारा आणि पाचवा घेणारा. एका विहारात हे वर्षातून एकदाच होतं. एकाच विहारात तीन रविवारी तीन वेगवेगळ्या मंडळांनी कठिन केलं, तर त्यांतलं एकच कठिन ठरतं. बाकीचं साधं चीवरदान होतं, तेही चांगलंच, पण त्याला कठिन म्हणू नये.

चीवराचा खर्च समाज कसा उचलत होता, याचा लेखी हिशेब आपल्याकडेच आहे. नाशिकच्या पांडवलेणीत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ४२व्या वर्षाचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, कायमची ठेवली. मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यांतल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. हे व्याज कशासाठी? त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी. २० गुणिले १२, बरोबर २४०. ठेव विणकरांकडेच ठेवण्यातली सोय वेगळी सांगायला नको.

चीवर फाटल्यावर

बुद्धांच्या पश्चात कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरं दिली. राजाला राग आला. त्याने आनंदाला गाठून विचारलं, एवढ्यांचं करणार काय? ज्यांची जुनी झाली त्या भिक्खूंना वाटू. मग त्यांच्या जुन्यांचं? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची बिछायत, जुन्या बिछायतीची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची झटकणी. आणि झटकणी जुनी झाली की? कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजाने आणखी ५०० दिली.

गोधडी शिवणाऱ्या घरात हा संवाद समजावून सांगावा लागत नाही. पण आज दुकानांत मिळणारी बरीच तयार चीवरं पॉलिस्टरची असतात. काहींवर तर कापून जोडण्याऐवजी नुसत्या शिलाईच्या रेघा मारून वाफ्यांचा भास केलेला असतो. पॉलिस्टर साल-खोडाचा रंग धरत नाही, उन्हाळ्यात घाम शोषत नाही आणि चिखलात कालवलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. दान द्यायचं असेल तर सुती कापड घ्यावं, तेही पांढरं आणि अखंड, म्हणजे कापणं, रंगवणं, ठिपका देणं भिक्खूंच्या हातून होईल. तयारच द्यायचं असेल तर उजेडात धरून पाहावं की कुसि आणि अड्ढकुसि खऱ्या जोडाच्या आहेत, कडेने किनारपट्टी आहे आणि खंड निदान पाच आहेत. दिलेलं चीवर भिक्खूला दहा दिवसांच्या आत रीतसर आपलं म्हणून ठरवावं लागतं, नाहीतर ते जास्तीचं धरून सोडून द्यावं लागतं. म्हणून एकाच भिक्खूपुढे दहा जणांनी दहा चीवरं ठेवण्यापेक्षा ती संघाला द्यावीत. ज्याचं विरलं असेल त्याला संघ देईल.